गुलाबाला शेजारी कोण द्यायचा आणि कोण नाही

नुसत्या गुलाबांचा वाफा कधी नीट बघितलाय का? वर छान फुलं, पण खाली गुडघ्यापर्यंत उघड्या काटेरी काड्या, त्याखाली उघडी माती आणि मातीत तण. त्यात सगळे गुलाबच ओळीने उभे म्हटल्यावर मावा (कोवळ्या फुटीचा रस शोषणारे बारीक किडे) एका टोकाला लागला की बघता बघता दुसऱ्या टोकाला पोचतो, मध्ये त्याला अडवणारं कोणी नसतंच. म्हणून गुलाबासोबत दुसरी झाडं लावायची, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्यापुढचे जे सल्ले फिरत असतात ना, लसूण लावा रोग जाईल, झेंडू लावा किडे पळतील, त्यातलं निम्मं खरं असतं आणि निम्मं नुसतं फॉरवर्ड केलेलं.

माझं मत विचाराल तर सोबतीच्या झाडाने वासावर किडे पळवावेत ही अपेक्षाच सोडून द्या. त्याच्याकडून दोन कामं करून घ्यायची. किडे खाणाऱ्या किड्यांना बागेत बोलावून आणायचं आणि उघडी माती झाकायची. आणि ही कामं करताना त्याने गुलाबाचं ऊन, गुलाबाची हवा आणि गुलाबाच्या मुळांची जागा यातलं काही खायचं नाही. कुठलंही झाड आवडलं, नर्सरीत कोणी सुचवलं, की या तीन गोष्टींवर तपासून बघायचं. पास झालं तर लावायचं.

आधी गुलाबाची सोय

शेजारी नंतर, आधी गुलाब. रोज किमान सहा तास ऊन लागतं, आणि त्यातही सकाळचं ऊन मिळालं तर फारच छान, कारण रात्रीचं दव पानांवरून लवकर सुकतं. हे सुकणं का महत्त्वाचं ते सांगते. काळे ठिपके पडण्याचा जो बुरशीचा रोग आहे त्याच्या बीजाणूंना पान सलग सात-एक तास ओलं मिळालं की ते आत शिरतात. म्हणजे पान ओलं राहण्याचा वेळ कमी केला की निम्मी लढाई तिथेच झाली, आणि दाट शेजारी लावून हवा अडवली की तीच लढाई आपण हरायला बसलो. भुरीचं मात्र उलटं, तिला पानावर पाणी लागत नाही, दमट रात्र आणि कोंदट हवा मिळाली की कोवळ्या पानांवर पांढरी पावडर दिसायला लागते आणि पानं वळतात. दोन्हींवर पहिला उपाय एकच, मोकळी हवा.

त्यामुळे अंतर. मोठ्या फुलांच्या हायब्रीड टी गुलाबात ६० ते ९० सेंमी, झुपकेदार फ्लोरिबंडात ६० च्या आसपास, मोठ्या झुडपी जातीत १२० सेंमी, आणि मिनिएचर असेल तर ३०-४० पुरतं. नवीन रोप एवढंसं असतं, मधली जागा रिकामी दिसते आणि मग हात शिवशिवतात, की इथे अजून एक काहीतरी बसेल. बसतं पण. दुसऱ्या वर्षी दोघं एकमेकांच्या अंगावर येतात.

खड्डा साधारण ४५ सेंमी लांब-रुंद आणि तेवढाच खोल. आधी तो पाण्याने भरून बघा, दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेलं असेल तर तिथे गुलाब नको, किंवा मग वाफा उंच करून घ्या. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळायचं, पीएच ६ ते ६.५ च्या जवळपास असेल तर गुलाब खूश असतो. कलमाचा सांधा म्हणजे खोडाचा तो जाडसर गाठीसारखा भाग, गरम हवामानात मातीच्या वर दोन-तीन सेंमी ठेवायचा, आणि जिथे हिवाळ्यात माती गोठते तिथे चार-पाच सेंमी खाली पुरायचा. सांध्याच्या खालून वेगळ्याच पानांचे फुटवे यायला लागले तर ते खालच्या जंगली झाडाचे असतात, वरवर कापू नका, माती उकरून मुळाशी जिथून निघालेत तिथून ओढून तोडा.

आणि हो, जुना गुलाब काढून त्याच खड्ड्यात नवीन गुलाब लावायचा मोह टाळा. नवीन रोप तिथे खुरटतं, याला रिप्लांट डिसीज म्हणतात. दुसरी जागाच नसेल तर निदान ४५ सेंमी खोलीपर्यंतची माती पूर्ण बदला, आणि निघालेली माती भाज्यांच्या किंवा दुसऱ्या फुलझाडांच्या वाफ्यात खुशाल टाका, तिकडे काही बिघडत नाही.

आता शेजाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. गुलाबाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या २०-३० सेंमी मातीतच असतात. म्हणून खोडाभोवती एक फुटाचं वर्तुळ पूर्ण मोकळं ठेवायचं, तिथे फक्त आच्छादन, दुसरं रोप नाही, आणि खुरपं तर अजिबात नाही. सोबतीची झाडं या वर्तुळाच्या बाहेर. गुलाब नवा असेल तर पहिल्या हंगामात फक्त एका हंगामापुरती जगणारी छोटी फुलझाडं लावा, बहुवर्षायू मंडळी गुलाबाने जम बसवल्यावर, कारण त्यांना लावताना आणि पुढे विभागताना माती बरीच उकरावी लागते.

खरे उपयोगी शेजारी, म्हणजे किड्यांना जेवायला घालणारे

मावा इतका पटकन का वाढतो माहितीये? त्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लं घालतात, आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतात. आपण फवारत बसलो तरी त्यांच्या स्पीडला आपण पुरत नाही. त्यांना पुरतात ते खाणारे. ढालकिडे म्हणजे लेडीबग, हॉवरफ्लाय नावाची माशी जी हवेत एका जागी थांबून उडते आणि पिवळ्याकाळ्या पट्ट्यांमुळे मधमाशी वाटते, क्रायसोपा म्हणजे जाळीदार पंखांचा नाजूक हिरवा किडा, आणि अगदी बारीक परजीवी गांधीलमाश्या ज्या आपल्या नजरेलाही पडत नाहीत.

मजा अशी की यातल्या बऱ्याच जणांची फक्त अळी मावा खाते, मोठी झालेली माशी मध आणि पराग खाते. मग तुमच्या बागेत मावा भरपूर असला तरी माशीला स्वतःला खायला काही नसेल तर ती तिथे थांबून अंडी कशाला घालेल? आणि गुलाबाच्या भरगच्च पाकळ्यांच्या फुलात तिचं तोंडच पोचत नाही. तिचं तोंड आखूड, तिला लागतात बारीक, उघडी, उथळ फुलं. इथे सोबतीचं झाड कामाला येतं.

माझा पहिला नंबर ॲलिसमला. जेमतेम १०-१५ सेंमी उंच, पसरतं, मुळं उथळ, पांढऱ्या बारीक फुलांचा गालिचा आणि मंद गोड वास. गुलाबाचं ऊन खात नाही, हवा अडवत नाही, तीनही परीक्षांत पास. कॅलिफोर्नियात सेंद्रिय लेट्यूस पिकवणारे शेतकरी शेतात मध्ये मध्ये ॲलिसम लावतात ते याच कारणासाठी, हॉवरफ्लाय यावी आणि तिच्या अळ्यांनी मावा खावा म्हणून. बी अगदी बारीक असतं, मातीत पुरू नका, उजेड लागतो त्याला, ओल्या मातीवर भुरभुरून हलक्या हाताने दाबा आणि वरून झारीने नको, स्प्रेने पाणी द्या. सहा ते आठ आठवड्यांत फुलं. थकल्यासारखं दिसलं, मधून वाळलं, की कात्रीने निम्म्यावर छाटून टाका, परत फुलतं. फार कडक उन्हाळ्यात मात्र मान टाकतं, तेव्हा नवीन बी थंडाव्याला पेरायचं.

दुसरा नंबर कोथिंबीर आणि शेपू, पण खुडायला नाही, फुलू द्यायला. फुलावर आली की लोक उपटून टाकतात, ती उपटू नका. त्यांच्या छत्रीसारख्या झुपक्यात शेकडो बारीक फुलं असतात आणि ऊन पडलं की त्यावर इतकी वर्दळ असते की नुसतं बघत बसावं. शेपू उंच वाढतो म्हणून गुलाबाच्या अशा बाजूला लावा जिथून त्याची सावली गुलाबावर पडणार नाही. दर तीन-चार आठवड्यांनी चिमूटभर बी टाकत राहिलं की कुठलं ना कुठलं झाड फुलावर असतंच. बडीशेपही याच कुळातली आणि तिची फुलंही तशीच कामाची, पण ती खूप मोठी होते आणि बी पडून सगळीकडे उगवते, मी वाफ्याच्या बाहेर लांब एका कोपऱ्यात ठेवते.

आता हे पाहुणे आले की ओळखायचे कसे, कारण इथे बरीच माणसं आपल्याच सैन्याला मारतात. भिंग असेल तर घ्या, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, आणि मावा लागलेली एक कोवळी कळी हळूच वळवून देठाकडून बघा. हिरव्या माव्याच्या गर्दीत एखादा फुगलेला, तपकिरी-सोनेरी, अजिबात न हलणारा मावा दिसेल, आणि त्याच्या पाठीला गोल भोक असेल तर समजा गांधीलमाशीचं पिल्लू त्याला आतून खाऊन बाहेर पडलंय. भोक नसेल तर अजून आत आहे, म्हणून ती कळी तोडून टाकू नका. पानाच्या पाठीला केसासारख्या बारीक दांड्यावर टेकवलेला पांढरा ठिपका दिसला, एकटा किंवा चार-पाच, तर ती क्रायसोपाची अंडी. माव्याच्या मधोमध पाय नसलेली, हिरवट, थोडी पारदर्शक अळी सावकाश सरकताना दिसली तर ती हॉवरफ्लायची, आणि हिलाच पानं खाणारी अळी समजून चिरडलं जातं. आणि ढालकिड्याची पोरं तर ढालकिड्यासारखी दिसतच नाहीत, काळपट राखाडी, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकल्या सुसरीसारखी. भयानक दिसतात, पण मोठ्यांइतकीच खादाड असतात, त्यांना हात लावू नका.

मुंग्या मात्र दिसल्या तर हात लावा. माव्याच्या अंगातून गोड चिकट रस निघतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर खोडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा (थेट सालीवर लावू नका), आणि गुलाबाची फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर तो पूल आधी कापा, नाहीतर पट्टीचा उपयोग शून्य.

झेंडू आणि लसूण यांचं काय ते एकदा सांगूनच टाकते

झेंडूबद्दल जी ख्याती आहे ती पूर्ण खोटी नाही. त्याच्या मुळांत आल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं आणि ते मुळांवर गाठी आणणाऱ्या काही सूत्रकृमींना (मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींना) मारक ठरतं, बुटक्या फ्रेंच झेंडूत हे जास्त चांगलं दिसून आलंय. पण ते काम करतं केव्हा, तर पूर्ण वाफाभर दाट झेंडू दोन-तीन महिने वाढवला तेव्हा. गुलाबाच्या कडेला दोन रोपं खोचली की सूत्रकृमी गेले असं होत नाही. म्हणून सूत्रकृमींचा खरंच त्रास असेल तर गुलाब लावायच्या आधीचा एक हंगाम त्या जागी फक्त झेंडू घ्या आणि मग गुलाब.

आणि झेंडूचा एक तोटा कोणी सांगत नाही. लाल कोळी म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, तिला तो आवडतो. गरम कोरड्या दिवसांत झेंडूची पानं फिकट ठिपकेदार झाली, खाली बारीक जाळी दिसली, की कोळी वस्तीला आलाय, आणि झेंडू गुलाबाला चिकटून असेल तर पुढचा मुक्काम गुलाब. काही जण याचा मुद्दाम सापळा म्हणून उपयोग करतात, आधी झेंडूवर येऊ द्यायचं आणि झेंडू उपटून बाहेर टाकायचा. चालतं, पण मग रोज बघायची तयारी हवी आणि वेळेवर उपटायला मन घट्ट हवं. मी झेंडू लावते, पण वाफ्याच्या टोकाला, रंगासाठी.

लसूण, कांदा, चाईव्ह्ज (कांद्याच्याच कुळातली बारीक पातीची वनस्पती) यांच्या वासाने मावा येत नाही आणि काळे ठिपके पडत नाहीत असं सगळीकडे लिहिलेलं असतं. काळ्या ठिपक्यांबाबत तर मला त्यात काही दम वाटत नाही. पण चाईव्ह्ज लावायला हरकत काहीच नाही, जागा कमी घेतात, जांभळ्या गोंड्यांवर मधमाश्या येतात, गुलाबाला त्रास देत नाहीत. तेवढ्यासाठी लावा, औषध म्हणून लावू नका.

तसंच द्राक्षांच्या मळ्यात ओळीच्या तोंडाशी गुलाब लावतात तो भुरीचा आधी इशारा मिळावा म्हणून, ही गोष्ट पण ऐकली असेल. गंमत म्हणजे गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या दोन वेगवेगळ्या बुरशी आहेत, एकीची दुसऱ्यावर जात नाही. म्हणजे तुमच्या झिनियाच्या पानांवर पांढरं आलं म्हणून गुलाबाला लागण होईल ही भीतीही नको. फक्त हवा कोंदट झालीये एवढं त्यावरून ओळखा.

अजून एक, शेंगवर्गीय झाडं शेजारी लावली की गुलाबाला फुकट नत्र मिळतं असं म्हणतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र पकडलं जातं हे खरं, पण झाड जिवंत असेपर्यंत ते बहुतेक स्वतःच वापरतं. फायदा हवा असेल तर फुलावर आलं की जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या, वरचा पाला आच्छादन म्हणून टाका.

उघडे पाय झाकणारी मंडळी

इथे दिसण्याचा भाग जास्त. गुलाबाच्या खालच्या उघड्या काड्या झाकायच्या म्हणजे ३० ते ५० सेंमी उंचीचं, सैल वाढणारं, हवा आरपार जाऊ देणारं काहीतरी हवं. थंड ते मध्यम हवामानात कॅटमिंट सगळ्यात बिनधास्त, निळसर जांभळी फुलं, पहिला बहर संपला की निम्म्यावर छाटायचं की दुसरा बहर. मांजरं येऊन लोळतात त्यावर, मांजर असेल तर विचार करा. साल्व्हिया, जमिनीलगत पसरणारा हार्डी जिरेनियम, कडेला थाईम, हे सगळं चालतं. साल्व्हिया गरम जागीही तग धरतो म्हणून मला तो जास्त आवडतो, उभ्या निळ्या तुऱ्यांसमोर गुलाबाचं गोल फूल उठून दिसतं.

गरम आणि दमट जागी कॅटमिंट वगैरे सडतात. तिथे कडेला चिनी गुलाब लावा, म्हणजे पोर्टुलाका, मागे कॉसमॉस किंवा गेलार्डिया विरळ, आणि तुळस फुलावर आलेली. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या दिवसभर असतात. सदाफुली पण छान दिसते पण बी पडून पडून ती वाफा ताब्यात घेते, रोपं वेळच्या वेळी उपटायची.

लॅव्हेंडरचा फोटो बघून सगळ्यांना तोच हवा असतो, गुलाबी गुलाब आणि खाली जांभळा लॅव्हेंडर. पण दोघांच्या आवडी उलट आहेत हो. गुलाबाला सकस माती, भरपूर खत, नियमित पाणी. लॅव्हेंडरला हलकी, कोरडी, जवळपास उपाशी माती, आणि खतपाणी जास्त झालं की तो खालून काळा पडून मरतो. करायचंच असेल तर वाफ्याची कड उंच करा, तिथे मातीत खडी किंवा जाड वाळू भरपूर मिसळा, गुलाबापासून दीड-दोन फुटांवर, आणि गुलाबाचं पाणी त्या बाजूला वाहून जाणार नाही असा उतार ठेवा. एवढं नको असेल तर साल्व्हियाच लावा, लांबून फरक कळत नाही.

कमानीवर किंवा जाळीवर वेली गुलाब असेल आणि हवामान थंड असेल तर क्लेमॅटिस नावाचा फुलांचा वेल त्याच्यातून चढवता येतो. गुलाबापासून किमान ४५ सेंमी लांब लावा आणि काठीच्या आधाराने गुलाबाकडे वळवा. मुळांशी सावली आणि गारवा, शेंड्याला ऊन, असं त्याला हवं असतं, म्हणून त्याच्या बुडाशी सपाट दगड किंवा छोटं झुडूप ठेवतात. जात निवडताना उशिरा फुलणारी घ्या, ती दरवर्षी वसंताच्या तोंडावर फूटभर ठेवून कापायची असते, म्हणजे गुलाबाची छाटणी आणि तिची छाटणी एकदमच उरकते. लवकर फुलणारी घेतली तर गुंतलेल्या काट्यांमधून नेमकी वाचवायची फांदी शोधत बसावं लागतं. फॉक्सग्लोव्ह गुलाबामागे फार देखणा दिसतो, पण पूर्ण झाड विषारी आहे, घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर नकोच.

हे शेजारी नकोत

पुदिना जमिनीत नको. मातीखालून धावत धावत तो नेमका गुलाबाच्या वरच्या मुळांत घुसतो आणि मग उपटताना गुलाबाची मुळं तुटतात. हवाच असेल तर कुंडीत, आणि कुंडीही फरशीवर, मातीवर ठेवलेल्या कुंडीच्या भोकातून तो खाली उतरतो. सूर्यफूल नको, खादाड आणि सावली करणारं. बांबू आणि मोठ्या झाडांच्या छायेत तर गुलाब लावूच नका, निलगिरी किंवा काळ्या अक्रोडाजवळ अजिबात नाही. मॉर्निंग ग्लोरीसारखे वेल गुलाबाला एका हंगामात गुंडाळून टाकतात. आणि जे झाड तुमच्याकडे मावा किंवा पांढऱ्या माशीने कायम भरलेलं असतं, ते कितीही आवडतं असलं तरी गुलाबापासून लांब.

कुंडीत करायचं असेल तर

हायब्रीड टीला निदान १४ इंची कुंडी लागते. त्या कुंडीत शेजारी फक्त कडेला आणि फक्त ॲलिसम किंवा पोर्टुलाकासारखा उथळ मुळांचा, तोही एक-दोन रोपं. खरं सांगायचं तर कुंडीत मला वेगळ्या कुंड्याच बऱ्या वाटतात. गुलाबाची कुंडी मधे, भोवती छोट्या कुंड्यांत कोथिंबीर, ॲलिसम, तुळस. मुळांची भांडणं नाहीत, पाणी ज्याचं त्याला, आणि एखाद्याला कीड लागली की कुंडी उचलून दुसरीकडे ठेवता येते, जे जमिनीत कधीच शक्य नसतं. कुंड्या एकमेकींना चिकटवू नका एवढंच, वितभर फट ठेवा.

पाणी, खत आणि फवारणी

पाणी सकाळी, बुडाशी, आणि कमी वेळा पण खोलवर. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि शेजाऱ्यांशी मारामारी वाढते. ठिबकची नळी असेल तर उत्तम, नाहीतर आळं करून त्यात सावकाश. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तर द्या. वरून पाच-सात सेंमी जाडीचं आच्छादन, वाळका पाला, पेंढा, लाकडाचा भुसा काहीही, पण खोडापासून चार बोटं लांब. याने पावसाचे किंवा पाण्याचे थेंब मातीवरून पानांवर उडत नाहीत, आणि काळ्या ठिपक्यांचे बीजाणू गळलेल्या पानांवरून असेच वर उडतात, म्हणून गळलेली ठिपकेवाली पानं वेचायचीच, कंपोस्टात पण टाकू नका.

खत देताना गुलाबाच्या वर्तुळात द्या, शेजाऱ्यांना नको, त्यांना जास्त खत मिळालं की फुलं कमी आणि पाला जास्त. गुलाबालाही नत्र भसाभस दिलं की कोवळी रसरशीत फूट येते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो, तेव्हा दर बहरानंतर थोडं थोडं. सुकलेलं फूल कापताना खाली पाच पानांचं पहिलं चांगलं पान बघा, ज्याचा डोळा (नवी फूट येण्याची जागा) बाहेरच्या बाजूला आहे, त्याच्या जरासं वर तिरका काप.

मावा दिसला की लगेच बाटली उचलू नका. पहिल्यांदा बोटांनी पुसा किंवा पाण्याची जोराची धार मारा, सकाळीच, म्हणजे पानं दिवसभरात सुकतील, आणि आठ-दहा दिवस वाट बघा. खाणारे किडे माव्याच्या मागून येतात, आधी नाही, ही मधली गॅप सहन करावीच लागते, बहुतेक माणसं नेमकी याच दिवसांत फवारतात आणि नंतर म्हणतात ॲलिसम लावून काही झालं नाही. अगदीच हाताबाहेर गेलं तर साबणाचं सौम्य पाणी किंवा कडुलिंबाचं तेल, बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच प्रमाणात, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर, फक्त लागलेल्या शेंड्यांवर, आणि शेजारच्या फुलांवर थेंबही उडू न देता. ढालकिड्याच्या किंवा हॉवरफ्लायच्या अळ्या दिसत असतील तर तो शेंडा सोडून द्या. कीटकनाशकाची सरसकट फवारणी करायची असेल तर मग हे सगळे शेजारी लावायचं कारणच उरत नाही.

भुरीला दुधाचं पाणी चालतं, एक भाग दूध नऊ भाग पाणी, उन्हात फवारायचं आठवड्याला एकदा. ब्राझीलमध्ये झुकिनीच्या भुरीवर याचा प्रयोग झाला होता आणि १९९९ साली तो छापून आला, गुलाबावरही सुरुवातीची भुरी असेल तर फरक पडतो, पूर्ण पांढरं झालेलं पान मात्र तोडावंच लागतं.

वर्षाची मोठी छाटणी झाली की वाफा काही आठवडे बोडका दिसतो, तेव्हा शेजाऱ्यांचा हिशोब करून घ्या. गुलाबाच्या फुटाच्या वर्तुळात जे जे घुसलंय ते काढा, पसरलेली कॅटमिंट किंवा जिरेनियम खणून त्याचे तुकडे करा आणि एकच तुकडा परत लावा, बाकी कोणाला तरी देऊन टाका. ॲलिसमचं नवीन बी याच वेळी कडेने भुरभुरा, मोकळ्या मातीवर ऊन पडत असतं म्हणून ते पटकन उगवतं, आणि गुलाबाची नवी कोवळी फूट माव्याला सापडेपर्यंत फुलावर येण्याच्या बेतात असतं.